शेवटच्या रात्रीचं आकाश

११ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

रोज फोनवर बोलणारी जाऊ आज पत्र कशाला लिहितेय, असं तुला वाटेल. फोनवर मला हे धड सांगता आलं नसतं. तू मध्येच रडायला लागली असतीस आणि मग मीच तुझी समजूत काढत बसले असते. शिवाय जमतंय तोवर लिहायची सवय सोडू नका, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय. तूही उत्तर पत्रानेच दे. जाड काळ्या पेनाने, मोठ्या अक्षरात लिही. मोबाइलचा उजेड डोळ्यांना झोंबतो. कागद मात्र भिंगाखाली धरला की अजून वाचता येतो.

उजवा डोळा गेला ते तुला माहीतच आहे. आता डाव्यातही तेच सुरू झालंय. नजरेच्या मधोमध एक करडा डाग. ओल्या चित्रावर कुणी अंगठा फिरवावा तसा. ज्याच्याकडे बघावं, नेमकं तेच पुसलं जातं. जन्मभर कारखान्यात कापडाचे रंग जुळवले, दोन निळ्यांतला फरक सांगायला साहेब मला बोलावून न्यायचे, आणि आता चहात दूध किती पडलं ते कळत नाही.

डॉक्टर मात्र भला माणूस. म्हणाला, "मधलं जाईल, कडा राहतील. चेहरे जातील, अक्षरं जातील. पण मोठं काही असेल ते दिसत राहील. डोंगर, रस्ता, आकाश. फक्त जरा बाजूला बघायला शिका."

त्याच्या मागच्या भिंतीवर नॉर्दर्न लाइट्सचं कॅलेंडर होतं, उत्तर ध्रुवाकडे रात्री आकाशात उजेडाचे पट्टे हलतात ते. मी विचारलं, "ते दिसेल?"

"ते तर नक्की. आकाशभर असतं ते. पण फार उशीर करू नका."

धाकटे, मला ते बघायचंय. लग्नाआधीपासून मनात आहे, पण तुझे थोरले दीर होते तोवर त्यांना बोटीचीसुद्धा भीती, त्यामुळे राहूनच गेलं. एक टूर सापडली आहे. मोठा लोंढा नाही, सहाच माणसं, एक गाइड, एक छोटी व्हॅन आणि जंगलाच्या कडेला लाकडी घर. जानेवारीच्या शेवटी निघायचं. एकटीला बर्फावर जमणार नाही. तू येशील का?

पुढच्या वर्षी तुझ्याकडे राहायला यायचं आपलं ठरलंय, ते आहेच. मागची खोली मला दे, सकाळचं ऊन येतं ती. तू पत्रं वाचून दाखव, मी भाजी निवडेन. निवडलेली भाजी तू पुन्हा बघून घे, म्हणजे अळ्या खाव्या लागणार नाहीत.

तुझी,
वहिनी

•

२ नोव्हेंबर

वहिनींना नमस्कार,

उत्तराला उशीर झाला. तुमचं पत्र रोज रात्री वाचत होते. पाठ झालं.

लाँड्रीत हा कोटांचा मोसम. दुकानात वाफ इतकी असते की गिऱ्हाईक काउंटरला टेकेपर्यंत कोण आलंय ते कळत नाही. मालकीणबाईंना रजेचं विचारायचं धाडस होत नव्हतं. परवा विचारलं, तर म्हणाल्या, "इतकी वर्षं मागितली नाहीस, आता जा बाई."

खरंच मागितली नव्हती. यांना पक्षाघात झाल्यापासून मी बाजाराच्या पलीकडे कुठे गेले नाही. ते जाऊन आता दोन वर्षं होतील, पण चादर बदलताना माझे हात अजून त्यांना कुशीवर वळवायला जातात. गंमत वाटते. म्हणजे गंमत नाही, पण तसंच काहीतरी.

मी येते. तुम्ही हात धरा, मी चालवीन. मागच्या खोलीतलं यांचं कपाट हलवायला माणूस सांगितलाय.

तुमची,
धाकटी

•

९ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

घरी सुखरूप पोचले. स्टेशनवर शेजारीण न्यायला आली होती. बॅग उघडली तर तुझे लोकरीचे मोजे माझ्याकडेच आले आहेत. देणार नाही.

पहिल्यांदा हे लिहिते, कारण तोंडावर तू बोलू दिलं नसतंस. लाइट्स दिसले नाहीत याचं मला दुःख नाही. थोडं आहे, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवसांत मी जितकी हसले तितकी कित्येक वर्षांत हसले नव्हते. त्या गाइडला आपण 'अस्वल' म्हणायचो हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, की कळून तो गप्प राहिला? कोटच तसा होता बिचाऱ्याचा. तो दाताचा डॉक्टर तर मी हसले की माझी कवळी बघायचा. तो फोटोवाला फक्त कॅमेऱ्याशी बोलायचा. आणि बेकरीवाली बाई सगळ्यांच्या आधी उठून शेगडी पेटवून बसायची, सुट्टीवर आलोय हे तिच्या हातांना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि तू. बर्फावर माझा दंड असा धरायचीस, की बघणाऱ्याला वाटावं पोलिसाने चोर पकडलाय.

पहिल्या दोन रात्री आपण त्या गरम खोपटात बसून ढग बघितले. अस्वल व्हॅन घेऊन ढगात कुठे भोक आहे का ते शोधत हिंडला, तेही झालं. शेवटच्या रात्री मला सर्दीने बेजार केलं होतं. अस्वल म्हणाला, "आज गोधडीसारखे ढग आहेत, झोपा सगळे. उघडलंच तर मी दार वाजवीन." मी औषध घेऊन आडवी झाले ती सकाळीच उठले. तुला पहिलं विचारलं तेही तेच. "काही झालं?" तू म्हणालीस, "नाही हो. ढगच होते."

त्या सकाळी सगळे किती चांगले वागले माझ्याशी. टेबलावर कुणी चकार शब्द बोललं नाही. मला वाटलं, सगळेच हिरमुसले आहेत. अस्वलाने आपली टोपी काढून मला दिली. दाताच्या डॉक्टरच्या बायकोने व्हॅनमध्ये खिडकीची जागा सोडली. तू वाटेत काचेकडे तोंड करून डोळे पुसत होतीस. मला चेहरा दिसत नाही, पण कोपर हललेलं दिसतं. कुणासाठी रडत होतीस ते मला कळलं, धाकटे. सख्खी बहीणसुद्धा एवढं करत नाही.

एक मनात आलंय. येत्या हिवाळ्यात पुन्हा जाऊया का? डॉक्टर म्हणतो तोवर कडा शाबूत राहतील. त्याच गाइडकडे जाऊ. तुझं काय मत?

तुझी,
वहिनी

•

१ मार्च

वहिनींना नमस्कार,

मोजे ठेवा तुम्ही. मला नवे घेता येतील.

पुन्हा जाण्याबद्दल म्हणाल, तर मला जरा वाटतं की नको. एकदा हिरमोड झाला तो झाला. एवढ्या थंडीत पुन्हा जायचं आणि पुन्हा ढगच निघाले तर? तुमच्या छातीत कफ होतो. आणि खरं सांगू का, तिकडून आलेले लोकही म्हणतात, ते फोटोतच बरं दिसतं. प्रत्यक्षात धुरासारखं काहीतरी. बघितलं काय नि न बघितलं काय.

त्यापेक्षा तुम्ही इकडे लवकर या. मागच्या खोलीला नवा रंग देते आहे. कुठला देऊ ते कळवा.

दुकानात फार काम आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

तुमची,
धाकटी

•

२१ एप्रिल

धाकटे,

गेल्या मंगळवारी बेकरीवाली आली होती. तिला आमच्या गावात नवी भट्टी बघायची होती, पत्ता टूरच्या वेळी घेतलेला होता. स्वतः भाजलेला पाव घेऊन आली. मला आनंद झाला. मी तिला खिडकीशी बसवलं, चहा केला, थोडा बशीत सांडला.

बोलता बोलता मी बाहेर बघून म्हणाले, "लवकर निघा हं तुम्ही. पश्चिमेकडून काळं येतंय, तासाभरात गाठेल."

ती खिडकीकडे वळली. मग म्हणाली, "तुम्हाला ढग दिसतात?"

म्हटलं, "तेवढंच तर दिसतं नीट. तुमचा चेहरा दिसत नाही, पण तुमच्या मागचं आख्खं आकाश दिसतं."

"आणि रात्री?"

"रात्रीसुद्धा. माझ्या आजारात कडेची नजर राहते, आणि अंधारात तीच कामी येते. म्हणून तर आले होते ना त्या टूरला. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, ते दिसेल म्हणून."

तिने कप खाली ठेवला. तो ठेवताना बशीवर वाजला. मग म्हणाली, "तुमच्या जावेने आम्हाला वेगळं सांगितलं."

मग मी सगळं काढून घेतलं तिच्याकडून. ती सांगायला तयार नव्हती. म्हणत होती, मी कशाला तुमच्या घरात भांडण लावू. मी म्हटलं, भांडण लागायचं ते लागून गेलंय, मला फक्त उशिरा कळतंय.

शेवटच्या रात्री ढग फाटले. अस्वलाने दारं वाजवली. आपलंही वाजवलं. सगळे बाहेर आले, तूही आलीस. तिने विचारलं, "थोरल्या बाई कुठे?" आणि तू म्हणालीस, "त्यांना आता अंधारात काहीच दिसत नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय. त्यांना ते ठाऊक नाही. इथे आणून उभं केलं तर त्यांना कळेल, आणि ते मला बघवणार नाही. सकाळी कुणी काही बोलू नका, माझ्यावर एवढे उपकार करा."

असंच म्हणालीस ना? की बेकरीवालीने मीठमिरची लावली?

म्हणून तो टेबलावरचा सन्नाटा. म्हणून ती टोपी आणि ती खिडकीची जागा. मी त्यांचं प्रेम समजून गळ्यात घालून घेतलं, आणि ती कीव होती. सहा माणसं माझ्यासमोर पावाला लोणी लावत बसली होती, सगळ्यांना माहीत होतं आणि मला नव्हतं. मी बापडी त्यांनाच धीर देत होते, "चालायचंच, निसर्ग आहे." हे मी बोललेले शब्द आठवले की आता कानशिलं तापतात.

डोळ्यांत धूळच फेकायची होती, तर निदान चांगले डोळे असलेलं माणूस तरी निवडायचंस.

तू फोन करशील. मी उचलणार नाही. लिहायचं तर लिही.

वहिनी

•

३० जून

वहिनींना नमस्कार,

फोन तुम्ही उचलला नाहीत. दोनदा तुमच्या गावच्या गाडीत बसायला स्टेशनवर गेले आणि परत आले. आता लिहिते.

बेकरीवालीने मीठमिरची लावलेली नाही. तेच म्हणाले मी. जवळजवळ त्याच शब्दांत.

त्या रात्री मी जागीच होते. अस्वलाने दार वाजवलं, मी उघडलं. तो हळूच म्हणाला, "चला, उघडलंय. त्यांना उठवा." मी आत वळले. तुम्ही तोंड उघडं टाकून झोपला होतात. मी खाली वाकून तुमचे बूट उचलले. आधीच्या दोन्ही रात्री मी गुडघ्यांवर बसून तुम्हाला तो जाडजूड पोशाख चढवला होता. आधी एक पाय, मग दुसरा, मग चेन, मग पट्टे, मग बूट. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून तोल सांभाळायचात आणि काहीतरी विनोद करायचात. यांचे पायही मी असेच धरायची. तेही विनोद करायचे.

बूट माझ्या हातात होते, वहिनी. ते मी परत खाली ठेवले.

तुम्हाला बाहेर आणलं असतं तर मी आकाश बघितलं नसतं. तुमचे पाय बघितले असते. बर्फ कुठे निसरडा आहे, तुम्हाला कापरं भरतंय का, तुमची मान कुठे वळली आहे, तुम्हाला दिसतंय की नाही. मग तुम्ही विचारलं असतं, "धाकटे, कुठे? डावीकडे का? कसं आहे?" आणि मी सांगत बसले असते. मला एवढंच हवं होतं, की थोडा वेळ मी कुणाची काठी नसावं. आपले हात आपल्याच खिशात घालून उभं राहावं.

बाहेर गेले तर बेकरीवाली विचारायला लागली. तेव्हा काय सांगायचं ते माझं ठरलेलं नव्हतं. पण 'मला आणायचं नव्हतं' असं कोण कुणाला सांगू शकतं? तुमचं भलं चिंतल्यासारखं काहीतरी बोलावं लागतं. ते तोंडातून आलं आणि सगळ्यांनी लगेच मानलं. दाताच्या डॉक्टरची बायको तर मला जवळ घेऊन रडली. नंतर मागे फिरता येईना. तुमचा डॉक्टर काय म्हणाला होता ते मला माहीत होतं. तुमचं पत्र मला पाठ होतं, असं मीच लिहिलं होतं ना.

आता अजून एक आहे, ते बेकरीवालीला माहीत नाही. सांगितलं नाही तर मला झोप लागणार नाही. मी आत आले तेव्हा तुम्ही कूस बदललीत आणि अर्धवट झोपेत विचारलंत, "काही आहे का गं?" मी म्हणाले, "ढग आहेत. झोपा." तेव्हा बाहेर ते अजून चाललं होतं. खिडकीचा पडदा मी ओढून घेतला.

ते धुरासारखं वगैरे नव्हतं. झाडांच्या वरून एक हिरवा पट्टा निघाला, मग त्याच्या झिरमिळ्या झाल्या आणि आख्खं आकाश हलायला लागलं. इतकं मोठं काही मी जन्मात बघितलं नव्हतं. मला आनंद झाला होता, वहिनी. हे सगळ्यात वाईट आहे. मला तुमची आठवणसुद्धा झाली नाही.

तुम्ही म्हणाल ती शिक्षा मी घेईन. खोली तयार आहे.

तुमची,
धाकटी

•

१२ जुलै

धाकटे,

पत्र वाचायला दोन दिवस लागले. अक्षर तू मोठंच काढलं होतंस, दोष माझ्या डोळ्याचा.

पडद्याचं तू सांगितलं नसतंस तर बरं झालं असतं. ते तू तुझ्या झोपेसाठी सांगितलंस, आणि आता मला झोप येत नाही. मी विचारलं होतं हे मला आठवतसुद्धा नाही. म्हणजे झोपेतही मी तुलाच विचारत होते.

तुझे हात थकलेत हे मला कळायला हवं होतं. त्याला डोळे लागत नाहीत. भावजींचं करताना मी तुला बघितलं होतं, तरी त्याच हातांत मी माझे बूट दिले. माझं चुकलं तेवढं मी माझ्या पदरात घेते.

पण धाकटे, तू आधी एकटी जाऊन पोटभर बघून यायचंस. मग येऊन मला हलवायचंस. मी पोशाखाशिवाय, गोधडी गुंडाळून दारात उभी राहिले असते. दारातूनही दिसलं असतं, एवढं मोठं होतं म्हणतेस ना? किंवा सकाळी तोंडावर सांगायचंस, "वहिनी, मी तुम्हाला उठवलं नाही, मला एकटीला बघायचं होतं." मी चिडले असते, शिव्या घातल्या असत्या, पोशाखाचे पट्टे फेकून मारले असते. संध्याकाळपर्यंत विझलं असतं. केसाने गळा कापला तो त्या रात्री नाही. सकाळी, माझ्यासमोर बसून, चार माणसांना साक्षीला घेऊन.

आता खोलीचं. मी विचार केला तो रागाच्या भरात नाही, शांतपणे केला. तुझ्याकडे राहायचं म्हणजे काय? बँकेचं पत्र आलं तर त्यात काय आहे, औषधाची ही बाटली कुठली, दारात कोण आलंय, दूध नासलंय का, मी उलटा गाउन घातलाय का, हे सगळं तू सांगायचंस आणि मी मानायचं. दिवसभर, रोज. आणि तू "ढग आहेत" म्हणालीस की मी प्रत्येक वेळी उठून बाहेर जाऊन बघणार. तुझंही जगणं अवघड करीन आणि माझंही.

म्हणून मी येत नाही. खोलीला कुठला रंग द्यायचा ते विचारलं होतंस. तुला आवडेल तो दे. खोली तुझी आहे.

वहिनी

•

१८ नोव्हेंबर

वहिनींना नमस्कार,

तुमचं पत्र आल्यापासून बरेचदा लिहायला बसले, पण लिहिण्यासारखं माझ्याकडे एकच आहे. या हिवाळ्यात आपण पुन्हा जाऊया. मी रजा सांगून ठेवली आहे. रात्रभर जागेन. लाइट्स निघाले की तुम्हाला उठवीन, आणि मी स्वतः बाहेर येणार नाही, आत बसेन. तसं तरी करू द्या.

खोलीत मी शिलाईचं मशीन ठेवलंय, पण ते हलवता येतं.

तुमची,
धाकटी

•

५ मार्च

धाकटे,

तुझ्या नोव्हेंबरच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण 'हो' म्हणवत नव्हतं आणि 'नाही' लिहायला हात होत नव्हता. आता लिहिते. ओळी एकमेकींवर चढल्या असतील, सांभाळून घे. पट्टी ठेवून लिहितेय, पण पट्टीच दिसत नाही.

मी जाऊन आले. बेकरीवालीबरोबर गेले. तिने तिच्या भाचीला बेकरीत बसवलं. तीच व्हॅन, तोच अस्वल. त्याने पहिल्या दिवशी माझ्यासमोर उभं राहून बराच वेळ घसा खाकरला आणि म्हणाला, "मी स्वतः आत येऊन तुम्हाला विचारायला हवं होतं." मी म्हटलं, "हो, यायला हवं होतं." नवरा-बायकोत अबोला सुटावा तसा तो विषय तिथे सुटला.

मी त्यांना सांगून टाकलं होतं, की मी झोपणार नाही. "दार वाजवतो, तुम्ही पडा" असं अस्वल म्हणाला. बेकरीवाली म्हणाली, "माझ्यावर विश्वास नाही का?" मी म्हटलं, "आहे, पण आता तो जागी राहून ठेवते." त्या बिचारीला वाईट वाटलं. तिचा काय दोष? तुझ्यामुळे मी आता भल्या माणसांनाही दुखवायला लागले आहे, हेही लिहून ठेवते.

पहिल्या रात्री बर्फ पडला. दुसऱ्या रात्री खोपटाच्या बाहेर खुर्ची टाकून बसले, पायांत तुझे मोजे होते. रात्र पहाटेकडे झुकल्यावर आकाश मोकळं झालं आणि ते सुरू झालं. कुणाला उठवायला, सांगायला वेळच नव्हता, फक्त बेकरीवाली माझ्याबरोबर जागी होती. डॉक्टरने शिकवलं तसं मी बाजूला बघितलं. डावीकडे नजर लावली की उजवीकडचं दिसायचं, खाली झाडांकडे बघितलं की वरचं दिसायचं. मधोमध तो डाग होताच, पण त्याला कोण विचारतंय? त्याच्या चारी बाजूंनी आकाश चाललं होतं. तू हिरवं लिहिलं होतंस. मला ते हिरवं दिसलं नाही. मला कच्च्या रेशमासारखं, पांढऱ्याहून जरा ओलं दिसलं, आणि कडेला कुठेतरी एक फिका गुलाबी, जो आमच्या कारखान्यात कधी कुणाला जमला नव्हता. माझे डोळे खरे की तुझे, ते मी अस्वलाला विचारलं नाही.

त्यातलं एक तुला सांगायचंय. ते अगदी भरात असताना मी मान वळवून "धाकटे, बघ" म्हणायला तोंड उघडलं. शब्द जिभेवर आला होता. मग तिथे बेकरीवाली उभी आहे हे आठवलं, आणि मी तोंड मिटलं. जन्मभर ज्याची वाट बघितली ते समोर होतं आणि मला तुझा राग येत होता. तेवढा वेळ तूच खाल्लास. तू माझी एक रात्र घेतली होतीस, या रात्रीतलीही थोडी घेतलीस.

आता इकडचं. डाव्या डोळ्याचंही मधलं पूर्ण गेलं. आठवड्यातून दोनदा एका शाळेत जाते, तिथे काठी घेऊन रस्ता ओलांडायला शिकवतात. मास्तरीण कडक आहे, माझ्यापेक्षा निम्म्या वयाची. पत्रं वाचून दाखवणारं एक यंत्र आणलंय. त्याला जोडाक्षरं जमत नाहीत, पण खोटं बोलता येत नाही. तुझी सगळी पत्रं त्याने मला पुन्हा वाचून दाखवली, कसल्याच भावनेशिवाय. बरं वाटलं ऐकायला.

मी माझ्याच घरी राहणार. स्वयंपाकघरात बरण्या कुठे आहेत ते हातांना पाठ आहे. भाजी अळ्यांसकट खाते, चवीत फरक नाही.

तू आत बसून मला बाहेर पाठवणार होतीस, ते वाचून मला हसू आलं आणि मग रडू आलं. तसलं प्रायश्चित्त मला नको होतं. तू माझ्या शेजारी उभी हवी होतीस, दोघींचे हात आपापल्या खिशात. ते आता होणार नाही. मी तुला माफ केलं का, असं मास्तरणीने विचारलं होतं. तिला म्हटलं, रोज सकाळी करते, संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

तुला भेटायला यायचं असेल तर ये. रविवारी मी घरी असते. बेल वाजवलीस की कोण आहे ते आधी सांग. मला आता चेहरा दिसत नाही, आणि दाराबाहेर कोण उभं आहे ते मला त्याच्याच शब्दावर मानावं लागतं.

वहिनी